वाघिणीचे दूध आणि आपली जबाबदारी

गेल्या वर्षी चौदा एप्रिलच्या निमित्ताने आमच्या महाविद्यालयात वक्तृत्वस्पर्धा झाली. बी.ए.च्या पहिल्या वर्षातील एका मुलीने सुरुवातच केली : शिक्षण हे वाघिणीचे दूध आहे, ते जो पिईल तो गुरगुरल्याशिवाय राहणार नाही, असे बाबासाहेब म्हणाले. टाळ्या पडल्या. नंतर स्टाफरूममध्ये एक ज्येष्ठ सहकारी हसत म्हणाले, "सर, तुमच्या मुलांना सांगा, ती वाघीण आमच्या चिपळूणकरांची आहे." त्यांच्या 'तुमच्या' आणि 'आमच्या'चा अर्थ मला कळला. पण उत्तर देता आले नाही. हेच वाक्य वसतिगृहाच्या भिंतीवर वाचत मी एम.ए. झालो होतो आणि त्याखालचे नाव कधी तपासले नव्हते.

चळवळीतील वाचकांपुढे हे मांडताना संकोच वाटतो. पण आपल्या वाक्यांचा उगम आपण शोधला नाही, तर दुसरा कोणी आपल्याला हिणवण्यासाठी तो शोधील.

सहकाऱ्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. 'वाघिणीचे दूध' ही उपमा मराठीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावे प्रसिद्ध आहे आणि ती शिक्षणाला नव्हे, इंग्रजी भाषेला दिलेली आहे. १८७४ साली 'निबंधमाला' सुरू करणाऱ्या याच शास्त्रीबुवांनी त्या मालेतून जोतीराव फुल्यांची आणि त्यांच्या भाषेची टवाळी केली होती. जोतीरावांना गुरू मानणाऱ्या बाबासाहेबांच्या तोंडी आपण जोतीरावांच्या कठोर निंदकाची उपमा घातली, ही गोष्ट साधी नाही.

चिपळूणकर १८८२ च्या मार्चमध्ये वारले. त्याच वर्षी जोतीरावांनी हंटर आयोगापुढे निवेदन केले. सरकारचा महसूल कष्टकऱ्यांच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो, हा त्यांचा आक्षेप होता. किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणी होती. शास्त्रीबुवांची वाघीण ज्यांच्या दारात आधीच बांधलेली होती, त्यांना तिच्या दुधाची थोरवी गाता येत होती. ज्यांना त्या वाड्याच्या आवारातही पाऊल टाकता येत नव्हते, त्यांच्या वतीने जोतीराव बोलत होते.

आता उरलेले अर्धे. मूळ उपमेतील 'इंग्रजी' जाऊन तेथे 'शिक्षण' कोणी आणले? 'गुरगुरणे' कोणी जोडले? हे वाक्य बाबासाहेबांच्या नावाने फिरते तेव्हा त्यासोबत सभा नसते, गाव नसते, तारीख नसते. म्हणून मी ते बाबासाहेबांचे मानत नाही, आणि शास्त्रीबुवांचेही मानत नाही. ज्यांच्या बापाला गुरगुरण्याची मुभा नव्हती, त्यांच्याच वस्त्यांत ते वाक्य आजच्या अर्थाने वाढले. ते चळवळीचे वाक्य आहे. त्याला बाबासाहेबांच्या सहीची गरज का वाटावी?

याउलट, ज्या वाक्याला सभा, गाव आणि तारीख आहे, त्याचे आपण काय केले? जुलै १९४२ मध्ये नागपूरला भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेत बाबासाहेबांनी इंग्रजीतून अखेरचा सल्ला दिला, त्यात तीन क्रियापदे या क्रमाने होती : एज्युकेट, अॅजिटेट, ऑर्गनाइझ. हे तीन शब्दही त्यांनी प्रथम घडवलेले नव्हेत. १८८० नंतरच्या दशकात लंडनच्या डेमोक्रॅटिक फेडरेशन या समाजवादी संघटनेच्या सभासदपत्रावर ते होते, आणि ते पत्र विल्यम मॉरिस या कवी-कारागिराने रेखाटले होते. इंग्लंडच्या कामगारांचे शब्द नागपुरात अस्पृश्यांचे झाले, यात कमीपणा नाही. जगातील शोषितांची भाषा एकमेकांच्या उपयोगी पडते, एवढेच त्यातून दिसते.

पण मराठीत आपण म्हणतो : शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. मधले क्रियापद शेवटी गेले. 'अॅजिटेट' म्हणजे केवळ मोर्चा नव्हे. ढवळणे, अस्वस्थ करणे, चेतवणे हेही त्याचे अर्थ आहेत. मूळ क्रमात शिकलेल्या माणसाने आधी स्वतः ढवळून निघायचे आणि इतरांना ढवळायचे, मग संघटना बांधायची. आपल्या क्रमात संघर्ष ही शेवटची पायरी झाली आणि शेवटची पायरी पुढे ढकलणे सोपे असते. मी स्वतःचेच सांगतो. मी शिकलो, नोकरी लागली, प्राध्यापकांच्या संघटनेचा सभासद झालो, वेतनश्रेणीसाठी धरणे धरले. गावी मात्र आमच्या वस्तीचा नळ अजून वेगळाच आहे. शिकणे आणि संघटित होणे या दोहोंमध्ये जे ढवळणे व्हायला हवे होते, ते माझ्या बाबतीत राहून गेले.

कोणी म्हणेल, लोकांच्या तोंडी बसलेल्या वाक्यांची अशी चिरफाड कशाला? त्यांना मी बाबासाहेबांचेच उदाहरण देईन. १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात त्यांनी पुरुषसूक्ताचीच उलटतपासणी केली. हे वचन केव्हाचे, कोणी घातले, कोणाच्या सोयीचे, असे प्रश्न त्यांनी वेदालाही विचारले. जी कसोटी त्यांनी वेदाला लावली, ती त्यांच्या नावाने फिरणाऱ्या वाक्याला लावण्यास आपण कचरलो, तर आपण त्यांचे अनुयायी राहत नाही, भक्त होतो.

त्या मुलीला मी बोलावून हे सारे सांगितले. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, म्हणजे ते वाक्य आमचंच आहे. पुढच्या वेळी मी तसंच म्हणेन." सहकाऱ्यांना द्यायचे राहिलेले उत्तर मला तिच्याकडून मिळाले.