मागच्या चाकांची शिल्लक

बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसापुढे काहीही ठेवा, तो आधी जमा आणि नावे शोधतो. आमचे चिरंजीव टीव्हीसमोर बसून 'ग्रॅन टुरिस्मो' हा मोटार-शर्यतीचा खेळ खेळतात, तेव्हा माझंही तेच होतं. काझुनोरी यामाउची या जपानी गृहस्थांनी १९९७ साली हा खेळ प्रथम आणला; सातव्या क्रमांकाचा २०२२ साली आला. चिरंजीवांचा मुक्काम सध्या सातव्यात आहे.

परवा त्यांनी होंडा सिव्हिक टाइप आर बाहेर काढली. पुढे सॉफ्ट टायर, मागे हार्ड! म्हटलं, "अरे, मागच्यांशी हा सापत्नभाव का?"

"बाबा, हिला पुढची चाकं ओढतात. मागची पकड कमी केल्याशिवाय ती नीट वळत नाही."

माझ्या डोक्यात खतावणी उघडली. टायरची पकड म्हणजे बचत खातं. शिल्लक ठरलेली, ओढायला काढली की वळायला तेवढी कमी. या गाडीत इंजिनाचं ओझं पुढे, ओढणं पुढे, वळवणं पुढे, ब्रेकचा मोठा भारही पुढे. म्हणजे काउंटरवरचा कारकूनच! मागची चाकं केबिनमधल्या साहेबांसारखी, नुसती मागून येणारी. भर वळणात पुढचं खातं रिकामं होतं आणि गाडी वळायचं सोडून सरळ निघते. मागे मात्र शिल्लक पडून. हार्ड टायर लावून ती घटवली, की शेपूट जरा बाहेर सरकतं आणि नाक आत वळतं. त्यात ॲक्सिलरेटर सोडला की भार पुढे येतो, मागची बाजू हलकी होते, काम आणखी सोपं. ताळेबंद जुळतो. समीक्षक म्हणून इथवर माझे पूर्ण गुण.

तक्रार पुढे आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या खऱ्या गाडीला दोन नवे टायर घेतले. (चार घेण्याचा ठराव घरच्या अर्थखात्याने फेटाळला.) दुकानदार म्हणाला, "पुढे टाकतो, साहेब." मी मान डोलावली. राबणाऱ्याला नवे कपडे, हा न्यायच झाला! झिजलेले टायर मागे गेले. पुढे आंबा घाटात, भर पावसात, एका वळणावर घाबरून पाय उचलला आणि गाडीचं मागचं टोक दरीकडे निघालं. मागच्या सीटवर आई होती. समोरून काही येत नव्हतं, म्हणून हा लेख लिहितो आहे. चिरंजीव जे मुद्दाम करतात, ते मी नकळत करून दाखवलं होतं.

टायर कंपन्या सांगतात, नवे दोनच असतील तर ते मागे लावा. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरीही. पुढची चाकं घसरली तर वेग कमी करून सावरायला थोडा वाव असतो. मागची घसरली की गाडी गिरकी घेते, आणि ती सावरणं आपल्यासारख्यांचं काम नव्हे. मागची पकड ही पडून राहिलेली रक्कम नाही, राखीव निधी आहे.

खेळात तो खुशाल उधळावा. दिवाळं निघालं तरी बटण दाबलं की शर्यत पहिल्यापासून! हा खेळ पकडीचा हिशेब शिकवतो, पण घसरण्याची किंमत वसूल करत नाही. एवढीच त्याची उणीव, आणि ती लहान नाही.

मी नवे टायर मागे घेतले. चिरंजीव म्हणाले, "बाबा, आता गाडी वळायला कुरकुर करील."

म्हटलं, "करू दे. आजी मागे बसते."