क्रॅटमविषयक वैज्ञानिक संशोधन : एक चिकित्सक आकलन
(सातारा व सांगली जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात)

बीजशब्द : क्रॅटम, मिट्रागायनिन, कळंब, अवलंबित्व, विषशास्त्रीय चाचणी

प्रस्तावना :

क्रॅटम हा आग्नेय आशियातील वृक्ष होय. मिट्रागायना स्पेसिओसा हे त्याचे शास्त्रीय नाव असून तो कॉफीच्या, म्हणजेच रुबिएसी, कुळात मोडतो. थायलंड व मलेशियातील कष्टकरी उन्हातान्हात काम करताना त्याची पाने चघळत आले आहेत. १९२१ मध्ये एलेन फील्ड यांनी त्यातील प्रमुख अल्कलॉइडला मिट्रागायनिन हे नाव दिले. सातारा व सांगली जिल्ह्यांत हा वृक्ष निसर्गतः आढळत नाही. त्याच प्रजातीतील मिट्रागायना पार्व्हिफोलिया, म्हणजे आपला कळंब, मात्र महाराष्ट्राच्या पानझडी वनांत परिचित आहे. त्यामुळे क्रॅटमसंबंधीच्या संशोधनाची चिकित्सा येथील वनस्पतिशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र, रसायनशास्त्र व समाजशास्त्र या विषयांच्या अध्यापकांना अप्रस्तुत ठरत नाही. प्रस्तुत लेखात परिणाम, धोके व शोधनपद्धती या तीन अंगांनी या संशोधनाचा परामर्श घेतला आहे.

परिणामविषयक संशोधन :

अल्प मात्रेत उत्तेजना आणि अधिक मात्रेत अफूसदृश गुंगी हे क्रॅटमचे वर्णन जवळपास प्रत्येक लेखात पुनरुक्त होते. परंतु त्याचा बराचसा आधार सेवन करणाऱ्यांच्या कथनावर आहे. १९७५ मधील सुवानलर्ट यांचा बहुउद्धृत अभ्यास केवळ ३० थाई व्यक्तींचा होता. २०१६ मध्ये क्रुगेल व सहकाऱ्यांनी मिट्रागायनिन हे म्यू-ओपिऑइड ग्राहीवर अंशतः कार्य करते आणि बीटा-अरेस्टिनचा मार्ग उद्दीपित करीत नाही, असे दाखविले. त्यावरून ‘अफूपेक्षा सुरक्षित वेदनाशामक’ अशी आशा निर्माण झाली. २०१९ मध्ये याच गटाने उंदरांवरील प्रयोगांतून पुढचा मुद्दा मांडला : यकृतात मिट्रागायनिनचे ७-हायड्रॉक्सीमिट्रागायनिनमध्ये रूपांतर होते व वेदनाशमनात या घटकाचा मोठा वाटा असतो. म्हणजे ज्या रेणूच्या सौम्यतेवर आशा उभी होती, त्याचे कार्य त्याहून प्रबळ अशा दुसऱ्या रेणूमार्फत होते. पेशींच्या पातळीवरील निष्कर्ष थेट मानवी सुरक्षिततेपर्यंत नेण्याची घाई येथे उघडी पडते.

धोक्यांचे मूल्यमापन :

मलेशियातील २९३ नियमित सेवनकर्त्यांच्या २०१४ मधील पाहणीत निम्म्याहून अधिकांमध्ये तीव्र अवलंबित्व आढळले. त्यामुळे ‘नैसर्गिक म्हणून निर्धोक’ हा प्रचार टिकत नाही. दुसऱ्या बाजूने मृत्यूंचे आकडेही सावधपणे वाचणे आवश्यक आहे. स्वीडनमध्ये वर्षभराहून कमी काळात झालेले नऊ मृत्यू क्रॅटमशी जोडले गेले. तथापि, ‘क्रिप्टन’ नावाच्या त्या मिश्रणात ट्रॅमाडॉलचा क्रियाशील चयापचयजन्य घटक मिसळलेला होता. अमेरिकेत जुलै २०१६ ते डिसेंबर २०१७ या काळातील २७,३३८ अतिमात्रा-मृत्यूंपैकी १५२ प्रकरणांत क्रॅटम आढळले. त्यांपैकी ९१ प्रकरणांत ते मृत्यूचे एक कारण मानले गेले, आणि क्रॅटमखेरीज अन्य पदार्थ न आढळलेली प्रकरणे केवळ सात होती. मात्र सर्वच मृतदेहांची क्रॅटमसाठी चाचणी झालेली नव्हती. म्हणजे हा आकडा एकाच वेळी फुगलेलाही असू शकतो आणि अपुराही.

या संशोधनातील मूलभूत उणीव संज्ञेची आहे. झाडावरून तोडलेले पान, वाळविलेली पूड, संहत अर्क आणि ७-हायड्रॉक्सीमिट्रागायनिनच्या गोळ्या या चार भिन्न वस्तूंना ‘क्रॅटम’ हे एकच नाव दिले जाते. ताज्या पानात हा शेवटचा घटक अत्यल्प असतो. थायलंडने ऑगस्ट २०२१ मध्ये पानाला अमली पदार्थांच्या यादीतून वगळले, तर जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ७-हायड्रॉक्सीमिट्रागायनिनच्या संहत उत्पादनांवर नियंत्रणाची शिफारस केली. हे दोन निर्णय परस्परविरोधी वाटतात. पण त्यांचा विषयच वेगळा आहे.

शोधनपद्धतींच्या मर्यादा :

रुग्णालयात लघवीवर केली जाणारी नेहमीची अफूवर्गीय चाचणी मॉर्फिनसदृश रेणूंसाठी असते. रचनेने भिन्न असलेले मिट्रागायनिन तीत सहसा सापडत नाही. त्यासाठी लिक्विड क्रोमॅटोग्राफी व मास स्पेक्ट्रोमेट्री यांचा संयुक्त वापर करावा लागतो. त्यातही अडचण आहे. स्पेसिओगायनिन, स्पेसिओसिलिएटिन व मिट्रासिलिएटिन यांचे रेणुवस्तुमान मिट्रागायनिनइतकेच असल्याने क्रोमॅटोग्राफीद्वारे ते नीट विलग झाले नाहीत, तर निदान चुकते. ‘चाचणीत काही आढळले नाही’ या विधानाचा अर्थ ‘पदार्थ नव्हता’ असा होत नाही. त्यासाठी चाचणी कशाची केली, हे आधी विचारावे लागते.

सातारा-सांगलीच्या संदर्भात :

मार्च २०२४ मध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातील इरळी येथे मुंबई पोलिसांनी मेफेड्रोनचा कारखाना उघडकीस आणला व शंभर किलोहून अधिक साठा जप्त केला. हा पदार्थ २०१५ मध्येच अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आला होता. ग्रामीण भाग अशा व्यवहारांपासून दूर आहे, हा समज त्यामुळे उरला नाही. नवनवे पदार्थ येत राहतील तेव्हा ते ओळखण्याची क्षमता केवळ महानगरांत असून भागणार नाही.

कळंबाविषयीची दक्षता निराळ्या प्रकारची आहे. त्यात मिट्रॅफायलिन, रिंकोफायलिन यांसारखी ऑक्सिंडोल अल्कलॉइडे आढळतात. केवळ प्रजातीच्या नावावरून त्याला क्रॅटमचे गुण वा दोष चिकटविणे अशास्त्रीय ठरेल. शिवाय ‘कदंब’ हे नाव कळंबाला आणि निओलामार्किया कदंबा या निराळ्या वृक्षालाही लावले जाते. पानाचा अर्क उंदरांना देऊन वेदनाशमन मोजणाऱ्या निबंधात प्रमाणित वनस्पती-नमुना आणि अल्कलॉइडचे प्रमाण यांची नोंद नसेल, तर तो निबंध नेमका कोणत्या झाडाविषयी आहे, हेच कळत नाही.

सामाजिक अंगही दुर्लक्षिता येत नाही. कृष्णाकाठच्या उसाच्या फडांत ऊसतोड मजुरांची तंबाखू व मिश्री श्रमाशी जशी निगडित आहे, तसेच थाई शेतमजुराचे पान श्रमाशी निगडित होते. औषधशास्त्रीय संशोधनात कामाचे तास, मजुरी आणि थकवा यांना क्वचितच स्थान मिळते.

समारोप :

क्रॅटमविषयक संशोधनाने रेणूंचे ज्ञान वाढविले. पण नाव, मात्रा आणि चाचणी यांबाबतची शिस्त त्या प्रमाणात वाढली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने २०२१ मध्ये सखोल पुनरावलोकनासाठी पुरेसा पुरावा नसल्याचे म्हटले, ते याच संदर्भात समजून घ्यावे लागते. पुराव्याचा अभाव हा निर्दोषत्वाचा दाखला नव्हे आणि दोषारोपही नव्हे. महाविद्यालयीन स्तरावर वनस्पतीची अचूक ओळख, अर्काचे रासायनिक प्रमाणीकरण आणि सेवनामागील श्रमजीवनाचा अभ्यास या तीन गोष्टी एकत्र आल्या, तर आंतरविद्याशाखीय संशोधन हा शब्द सार्थ ठरेल.