शालेय ग्रंथालय आणि अर्थ सांगणारा : कासू परिसराच्या निमित्ताने

१

शालेय ग्रंथालयाविषयी आपल्याकडे जे लिहिले व बोलले जाते, त्यात दोन सूर प्रामुख्याने ऐकू येतात. एक तक्रारीचा : पुस्तके नाहीत, कपाट नाही, अनुदान अपुरे आहे. दुसरा उत्सवाचा : अमुक दिवशी इतक्या मुलांनी इतकी पुस्तके वाचली. वरवर पाहता हे सूर परस्परविरोधी वाटतात. तथापि दोहोंच्या मुळाशी एकच गृहीत आहे. मूल व पुस्तक ही एका ठिकाणी आली म्हणजे वाचन आपोआप घडते, हे ते गृहीत होय. ते कितपत टिकते, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

ह्या विचाराला निमित्त झाला तो रायगड जिल्ह्यातील कासूचा परिसर. पेण व नागोठणे ह्यांच्या दरम्यानचे हे रोहा मार्गावरील लहानसे रेल्वे स्थानक. पश्चिमेस खाडीच्या अंगाला खारजमिनीतील आगरी वस्ती आणि पूर्वेस डोंगराच्या पायथ्याशी कातकरी व ठाकूर ह्यांच्या वाड्या, असा हा टापू आहे. ग्रियर्सनच्या भाषिक पाहणीच्या सातव्या खंडात (१९०५) आगरी व कातकरी ह्या दोन्ही बोलींची स्वतंत्र नोंद आहे. म्हणजे येथील शाळेत येणारे मूल प्रमाण मराठीच्या उंबरठ्याशी कोणकोणत्या बोली घेऊन येते, हे शिक्षणव्यवस्थेला शंभराहून अधिक वर्षे ठाऊक असावयास हरकत नव्हती. ग्रंथालयाच्या कपाटाला मात्र ते अद्याप ठाऊक झालेले दिसत नाही.

२

प्रथम साधनांचा प्रश्न. डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार ह्यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने १९५३ च्या अहवालात शालेय ग्रंथालयांचे जे चित्र रेखाटले, ते उदास होते. जुनी व मुलांच्या आवडीचा विचार न करता निवडलेली पुस्तके, अनाकर्षक खोली, आणि ग्रंथालयाची जबाबदारी एखाद्या कारकुनाकडे अथवा उदासीन शिक्षकाकडे, असे ते चित्र. त्यानंतर परिस्थिती पालटली नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टाने प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असलेले ग्रंथालय हवे, असे बंधन घातले. २०१८ पासूनच्या समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या पातळीनुसार दरवर्षी ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंत ग्रंथालय-अनुदानाची तरतूद आहे. बालभारतीने १९७१ साली सुरू केलेल्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक आज संगणकावर विनामूल्य वाचावयास मिळतात. तेव्हा साधनांचा तुटवडा ही तक्रार आता अंशतःच खरी आहे.

असे असूनही कपाट बंद का राहते? ह्याचे एक कारण अगदी रुक्ष आहे. शाळेच्या नोंदवहीत पुस्तक हे बाक व घंटा ह्यांच्या पंक्तीस बसलेले असते. ते हरवले तर तपासणीच्या वेळी उत्तर द्यावयाचे ते मुख्याध्यापकाने. कातकरी कुटुंबे पावसाळा संपल्यावर वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला जातात आणि मुलेही त्यांच्याबरोबर जातात. अशा मुलाच्या हाती पुस्तक देणे म्हणजे ते गमावणे, असा हिशेब सावध मुख्याध्यापक करतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. न वाचलेले पुस्तक जपल्याबद्दल त्याला कोणी विचारीत नाही. वाचता वाचता फाटलेल्या पुस्तकाबद्दल मात्र विचारतात. पुस्तके उपयोगासाठी आहेत, हा डॉ. शि. रा. रंगनाथन ह्यांनी १९३१ साली सांगितलेला ग्रंथालयशास्त्राचा पहिला नियम. त्याचा पराभव आमच्या शाळांत जमाखर्चाच्या पद्धतीने केला आहे.

परंतु हे कारण दूर झाले, कुलूप निघाले, तरी वाचन सुरू होईलच असे नाही. खरी अडचण त्यापुढची आहे, आणि ती भाषेची आहे.

३

भाषेची अडचण म्हटली की आपले लक्ष उच्चारांकडे जाते. आगरीत 'ण' चा 'न', 'ळ' चा 'ल', आणि 'ड' चा 'र' होतो. पाणी पानी होते, डोळा डोला होतो, गाडी गारी होते. 'मला' ऐवजी 'मना' येते. ह्या भेदांमुळे मूल अडते अशी समजूत आहे, व म्हणून शिक्षकाचा बराच वेळ उच्चार सुधारण्यात जातो. वस्तुतः हे भेद नियमबद्ध आहेत. 'पडला' हे अक्षर पाहून 'परला' म्हणणाऱ्या मुलाला शब्द कळलेलाच असतो. किंबहुना तसे म्हणणे हाच तो कळल्याचा पुरावा होय. त्याला मध्येच थांबवून उच्चार सुधारणारा शिक्षक समजलेल्या शब्दाला न समजलेला ठरवितो.

मुलाचे पाऊल खरोखर अडते ते वाक्यरचनेपाशी. गोष्टीच्या पुस्तकात शोभेल असे एक वाक्य घेऊ : "पावसाने झोडपलेल्या त्या वाटेवरून चालत असता त्याच्या मनात एक विचार चमकून गेला." ह्यातील एकही शब्द फारसा कठीण नाही. परंतु 'झोडपलेल्या' हे कृदन्त एका संपूर्ण घटनेला विशेषण करून ठेवते, 'चालत असता' दुसऱ्या घटनेला पार्श्वभूमी करते, आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता माणूस नसून 'विचार' आहे. हाच प्रसंग तोंडी सांगताना कोणीही तीन वाक्ये करील : पाऊस झोडपत होता, तो वाटेने चालला होता, तेव्हा त्याला असे असे वाटले. आगरी मूल असेच सांगेल, आणि पुण्याच्या पेठेतले मूलही असेच सांगेल.

ह्याचा अर्थ असा की पुस्तकी मराठी ही कोणाचीच बोली नाही. 'बोली विरुद्ध प्रमाण' ह्या नेहमीच्या मांडणीत हे सत्य झाकले जाते. शहरी सुशिक्षित घरातील मूल आणि कासूच्या वाडीवरील मूल ह्यांत फरक आहे तो हा, की पहिल्याने पुस्तकी वाक्य वाचण्यापूर्वी शेकडो वेळा ऐकलेले असते. कोणीतरी त्याला मांडीवर घेऊन पुस्तक वाचून दाखविलेले असते. दुसऱ्याला ते वाक्य प्रथम भेटते ते मुक्या अक्षरांत. जे कानाने कधी घेतले नाही ते डोळ्याने एकट्याने घ्यावे, अशी अपेक्षा आपण सर्वांत अवघड परिस्थितीतील मुलाकडून करतो.

४

ह्या पट्ट्यातील एका शाळेत चौथीच्या वर्गात बसण्याचा योग आला होता. एका मुलाने कोळ्याच्या गोष्टीचे एक पान न अडखळता वाचून दाखविले. गोष्टीत काय झाले असे विचारताच त्याने शेवटचे वाक्य जसेच्या तसे म्हटले व तो गप्प राहिला. पुस्तक मिटवून, बांधाच्या उघाडीपाशी मासे कसे धरतात असे त्याला विचारले. तेव्हा तो बराच वेळ बोलला. आधी काय, मग काय, का, हे सर्व क्रमाने. थोड्या वेळाने शिक्षिकेने तेच पान सावकाश वाचले. प्रत्येक वाक्यानंतर थांबून, त्याचा आशय मुलांच्या बोलण्यात सांगत गेल्या. आणि मध्येच त्या मुलाने त्यांना अडविले. गोष्टीतल्या कोळ्याने जाळे चुकीच्या वेळी लावले आहे, ओहोटी लागल्याशिवाय तेथे काही मिळावयाचे नाही, असे त्याचे म्हणणे होते.

लेखकाला दुरुस्त करणारा हा मुलगा त्या क्षणी वाचक झाला, असे मला वाटते. त्याला नवे पुस्तक मिळाले नव्हते. पुस्तक तेच होते. त्याला मिळाला तो अर्थ सांगणारा.

ही पद्धत आपल्याला परकी नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी श्रीधराने रचलेले 'हरिविजय', 'रामविजय', 'पांडवप्रताप' हे ग्रंथ महाराष्ट्रात गावोगाव पोहोचले, ते श्रोत्यांना अक्षरओळख होती म्हणून नव्हे. एकाने ओवी वाचावी, तिचा अर्थ बोलभाषेत सांगावा, श्रोत्यांनी हुंकार द्यावा, प्रसंगी शंका काढावी, आणि मग पुढली ओवी घ्यावी, अशी पोथीची रीत होती. मूळ ओवी गाळून नुसता अर्थ सांगितला जात नसे, आणि अर्थावाचून ओव्याही नुसत्या पुढे रेटल्या जात नसत. ग्रंथाची भाषा व घरची भाषा ह्या एका बैठकीत शेजारी बसत, आणि ऐकणारा हळूहळू पहिलीत ये-जा करू लागे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'ची घडणही रात्री जमलेल्या मंडळींना सांगितलेल्या गोष्टींची आहे. शाळांच्या कपाटांतील असंख्य पुस्तकांत हे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या हातात घेतले गेले, ह्यात त्या सांगण्याच्या घडणीचाही वाटा असावा.

५

आता वाचन-उपक्रमांकडे वळू. डॉ. अब्दुल कलाम ह्यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, महाराष्ट्रात २०१५ पासून 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो. हेतूविषयी शंका नाही. परंतु अशा उपक्रमांचे शाळेतील नेहमीचे रूप पाहिले तर ते दोन प्रकारचे असते. एक, सर्व मुलांनी काही वेळ मूकवाचन करावे. दुसरे, वाचलेल्या पुस्तकाचे नाव, लेखक, आवडलेले पात्र व तात्पर्य लिहून द्यावे. पहिल्याचा लाभ ज्याला आधीच वाचता येते त्याला होतो. ज्याला येत नाही तो पान उलटण्याचा अभिनय शिकतो. दुसरा प्रकार अधिक घातक आहे. गोष्ट ही तात्पर्याचे वेष्टन आहे, ते सोलून टाकावयाचे आहे, अशी समजूत तो मुलाच्या मनात पक्की करतो. वरील मुलाला तात्पर्य विचारले असते तर 'लोभ करू नये' असे काहीतरी त्याने लिहिले असते, आणि ओहोटीची गोष्ट कायमची त्याच्या मनातच राहिली असती.

ह्यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला, शिक्षकाला वेळ कोठे आहे? कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक. ते चार-पाच इयत्ता सांभाळतात, शिवाय माहितीचे रकाने भरतात. आक्षेप खरा आहे. परंतु प्रकटवाचन हा असा एक उपक्रम आहे की जो सर्व इयत्तांना एकत्र बसवूनच चांगला होतो. रोजच्या पंधरा मिनिटांना स्वतंत्र खोली लागत नाही, यंत्र लागत नाही. दोन शिक्षकांच्या शाळेला इतका अनुरूप दुसरा उपक्रम क्वचितच सापडेल.

दुसरा आक्षेप अधिक तात्त्विक आहे. बोलीतच पुस्तके का काढू नयेत? अवश्य काढावीत. मुलांनी सांगितलेल्या हकिकती त्यांच्याच शब्दांत लिहून, शिवून, कपाटात ठेवाव्यात. आपले बोलणे लिहिता येते हे कळणे ही वाचनाची पहिली पायरी आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनी बोर्डी व कोसबाड येथे जे काम केले, त्यात मुलाच्या भोवतालापासून आरंभ करण्याचे हेच तत्त्व होते. परंतु बोलीतील पुस्तकावरच थांबणे म्हणजे मुलाचा सन्मान करण्याच्या नावाखाली त्याला मोठ्या ग्रंथसंग्रहाच्या बाहेर ठेवणे होय. त्या मुलाला 'गारी' लिहिलेले सापडले पाहिजे, आणि 'चालत असता' हे वाक्यही आपले वाटले पाहिजे. ह्या दोहोंमधला पूल माणसाचाच असतो.

ह्यातून एक अप्रिय निष्कर्ष निघतो. शालेय ग्रंथालयाचा पहिला वाचक विद्यार्थी नव्हे, शिक्षक होय. ज्या शिक्षकाने कपाटातील पुस्तके स्वतः वाचलेली नाहीत तो त्यांचा अर्थ सांगू शकणार नाही. तरीही ग्रंथालयाविषयीच्या आपल्या योजना पुस्तकांची संख्या मोजतात, वाचणाऱ्या मुलांची संख्या मोजतात. शिक्षकाने ह्या महिन्यात काय वाचले हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आमच्यासारख्या विद्यापीठीय विभागांकडेही ह्या दोषाचा वाटा येतो. बोलींचे वर्णन करणारे प्रबंध आम्ही लिहितो व लिहून घेतो. बोली बोलणाऱ्या मुलाला पुस्तकी वाक्याचा कोणता सांधा अडतो, ह्याचे वर्णन करणे हे भाषाशास्त्राचे काम आहे असे आम्हांला क्वचितच वाटते.

६

शेवटी पुन्हा भट्टीवर जाणाऱ्या मुलाकडे. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन ह्या ग्रंथपालास बोलावून ग्रंथालयांचे जे जाळे उभारले, त्यात गावोगाव फिरणाऱ्या पुस्तकांच्या पेट्या होत्या. वाचक ग्रंथालयाकडे येऊ शकत नसेल तर ग्रंथालयाने वाचकाकडे जावे, हा विचार शंभर वर्षांपूर्वी आपल्या शेजारी अमलात आला होता. वाडीवरचे मूल दिवाळीनंतर भट्टीवर जाणार असेल, तर त्याच्याबरोबर दोन पुस्तके जाऊ द्यावीत, आणि ती परत आली नाहीत तर नोंदवहीत 'हरवली' असे न लिहिता 'वाचनात खर्च' असे लिहिण्याची मुभा असावी. परंतु ती त्याच्याबरोबर खऱ्या अर्थाने जाण्यास एक अट आहे. ती जाण्यापूर्वी कोणीतरी त्याला वाचून दाखविलेली असली पाहिजेत. मग भट्टीवर, अक्षरे काहीशी अंधुक झाली तरी, त्या पानांतून त्याला एक ओळखीचा आवाज ऐकू येईल. जेथे हा आवाज नाही तेथे पुस्तकांनी भरलेले कपाटही फडक्यात बांधून ठेवलेल्या पोथीसारखे राहते. तिला हात जोडले जातात, पण ती कोणी सोडीत नाही.