ब्लूमफील्ड यांचें बालवाचन आणि आपली 'गमभन'

बालकांस वाचावयास शिकविण्याच्या पुस्तकाचें परीक्षण या त्रैमासिकांत कशास, असें कोणी वाचक विचारतील. ग्रंथकर्ता पाणिनीचा अभ्यासक होता, आणि त्यानें उपस्थित केलेला प्रश्न आपल्या संग्रहांतील रुमालांपर्यंत येऊन पोंचतो, एवढें उत्तर तूर्त पुरे.

लिओनार्ड ब्लूमफील्ड (१८८७–१९४९) हे वेदपंडित मॉरिस ब्लूमफील्ड यांचे पुतणे. पाणिनीच्या कांहीं सूत्रांवर त्यांनीं १९२७ सालीं निबंध लिहिला. स्वतःच्या मुलासाठीं त्यांनीं रचलेले वाचनपाठ क्लॅरेन्स बार्नहार्ट यांच्या सहकार्यानें 'लेट्स रीड' या नांवानें १९६१ सालीं, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. इंग्रजींत एकच अक्षर 'कॅट', 'केक' आणि 'कॉल' या शब्दांत निरनिराळें बोलतें. म्हणून आरंभीं अक्षराचा एकच उच्चार धरावा, तेवढ्यांत बसणारे 'कॅन', 'फॅन', 'मॅन' असेच शब्द द्यावे, व वांकडे शब्द मागाहून आणावे, हें त्यांचें सूत्र. हल्लीं 'डिकोडेबल' म्हणून जीं पुस्तकें इंग्लंड-अमेरिकेंत वापरतात त्यांचा नियमही हाच : जें अक्षर शिकवून झालें नाहीं तें मुलापुढें ठेवावयाचें नाहीं, आणि चित्र पाहून अटकळ बांधावयास वाव द्यावयाचा नाहीं.

हा नियम आम्हांस मान्य आहे. मात्र पाठ रुक्ष आहेत. पानेंच्या पानें यमकें जुळतात, पण त्यांत सांगण्यासारखें कांहीं नसतें. मराठींत ही अडचण पुष्कळ कमी आहे, कारण आपलें अक्षर स्वर पोटांत घेऊनच येतें. ग, म, भ, न या चार अक्षरांत मन, नभ, गगन, नमन हे शब्द होतात. र आणि स मिळतांच मगर, नगर, गरम, सरस. सुटे ध्वनि उच्चारून जोडावयास लावणें ब्लूमफील्ड यांस पसंत नव्हतें. आपल्याकडे तो वादच उद्भवत नाहीं.

वर्णमालेचा क्रम मोडला म्हणून कित्येक वृद्ध नाक मुरडतात. त्यांनीं माहेश्वरसूत्रें आठवावीं. त्या चौदा सूत्रांत स्थानक्रम मोडून वर्ण प्रत्याहारांच्या सोयीनें मांडले आहेत. हकार तर दोनदां आला आहे! कंठ्य-तालव्यादि क्रम पाठांतराचा. गमभनेचा क्रम हाताचा, चारही अक्षरांस उभा दंड असल्यामुळें जमलेला. वाचनाचा क्रम याहून तिसरा असूं शकतो.

खरा दोष आपल्या अंकलिप्यांचा. पहिल्याच पानावर 'अ' पुढें 'अननस'. न आणि स अद्याप शिकविलेले नाहींत. तेव्हां मूल शब्द वाचीत नाहीं, फळ वाचतें. 'क्ष' पुढील क्षत्रियाची तलवार पाहून 'राजा' असें खणखणीत वाचणारीं मुलें आम्हीं वर्गांत पुष्कळ पाहिलीं, आणि त्यांस शाबासकीही दिली, हें कबूल केलें पाहिजे.

परंतु मराठींत सर्व कांहीं सरळ आहे, असेंही समजूं नये. 'गगन' मधील अंत्य न लिहितांना अकारान्त, बोलतांना हलन्त. 'चार' व 'चारा' यांतील च निराळे. 'जात' हा शब्द तर अर्थाप्रमाणें दोन प्रकारें उच्चारावा लागतो. ह्रस्व इकार व्यंजनाच्या आधीं लिहून मागून बोलावयाचा. रकार कर्म, क्रम, राष्ट्र आणि सुऱ्या यांत चार वेष घेतो. इंग्रजींत उच्चारांची शिस्त लावावी लागते. आपल्याकडे खुणांची संख्या आवरावी लागते. ब्लूमफील्ड यांचें पुस्तक मराठींत उतरवूं पाहणारांनीं हा भेद न ओळखल्यास केवळ यमकांची नक्कल हातीं येईल.

आतां संग्राहकांस विनंति. धूळपाटीवरचें पुसलें गेलें. पण कित्ते, बाराखडीचे ताव, जमाखर्चाच्या पाठीवर गिरवलेलीं पोरवयाचीं अक्षरें दप्तरांत सांपडतात, आणि निवड करतांना तींच प्रथम रद्दींत जातात. तीं ठेवावीं. अक्षरें कोणत्या क्रमानें आलीं, शब्द बाराखडी संपल्यावर दिले कीं मध्येंच, लिपि बाळबोध कीं मोडी, हें टिपावें. मोडींत इकार-उकारांचा ह्रस्वदीर्घभेद सहसा पाळीत नसत. तेव्हां तशा तावावर बाराखडीचीं किती घरें भरलीं आहेत, हेंही मोजून कळवावें.