'केस' नावाची बाई

कुटुंबनियोजनाच्या सरकारी भाषेत बाईला नाव नसते. ती 'केस' असते. ऑपरेशन हे 'उद्दिष्ट', आणि ते पुरे करण्याची जागा म्हणजे 'शिबिर'. ही भाषा तपासली पाहिजे. कारण तिच्या आड माणसे मरतात.

संततिनियमनाला आपला विरोध असण्याचे कारण नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी त्याविषयीचा ठराव मांडला. त्यामागे बाबासाहेबांचा विचार होता. बाईवर बाळंतपण लादू नये, हे त्यातून आपण घ्यायचे. मग ऑपरेशन तरी का लादावे?

१९७६-७७ मध्ये सुमारे ६२ लाख पुरुषांची नसबंदी झाली. १९७७ च्या निवडणुकीत सरकार पडले, त्यात या संतापाचाही वाटा होता. पुढे हा भार बाईच्या पोटावर सरकवण्यात आला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे प्रमाण स्त्री-नसबंदीचे ३७.९ टक्के, पुरुष-नसबंदीचे ०.३ टक्के आहे. वस्तुतः पुरुषाचे ऑपरेशन सोपे. त्यात पोटाला हात लावावा लागत नाही. बाईच्या ऑपरेशनात भूल, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, आतड्याला इजा हे धोके थोडे असले तरी खरे आहेत. क्वचित ते फसतेही. आणि मग गर्भ नलिकेतच रुजला तर जिवावर बेतते. ऑपरेशननंतर पाळी चुकली तर ताबडतोब दवाखाना गाठावा, हे किती जणींना सांगितले जाते?

८ नोव्हेंबर २०१४ रोजी छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात एकाच सर्जनने काही तासांत ८३ स्त्रियांची ऑपरेशने उरकली. नियमाची मर्यादा दिवसाला ३० ची. त्या दिवसांतल्या जिल्ह्यातील शिबिरांनंतर १३ जणी दगावल्या. १४ सप्टेंबर २०१६ रोजी देविका बिस्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांच्या आत थांबवण्यास सांगितले. न्यायालय शिबिर थांबवू शकते. बाईला 'केस' म्हणून पाहणारी नजर नव्हे.

ती नजर मोडण्याचे काम चळवळीचे आहे. अंगठा उठवण्याआधी संमतीचा कागद कोण वाचून दाखवतो? तांबीसारखे दुसरे उपाय कोण सांगतो? कार्यकर्त्यांनी हे वस्तीवस्तीत विचारावे. आणि एक प्रश्न आपल्या पुरुषांना: समतेच्या सभेत टाळ्या घेणाऱ्यांपैकी किती जण स्वतः ऑपरेशनला गेले?