दुकाने, कॉफीगृहे आणि आमचे निबंधकार

गावातील एखादी पेठ निवडावी, तीतील कॉफीगृहे व लहान दुकाने पायी हिंडून पाहावीत आणि त्यांचे रसाळ वर्णन लिहावे, हा लेखनप्रकार अलीकडे बराच लोकप्रिय झाला आहे. त्याची नालस्ती करण्याचा आमचा हेतू नाही. एकाच नमुन्याच्या शाखा गावोगाव निघत असता, मालकाच्या स्वभावाप्रमाणे मांडलेल्या दुकानाकडे कोणी प्रेमाने पाहिले, तर ते इष्टच होय. परंतु असला लेख वाचून झाला म्हणजे कपबशीचा रंग आणि पदार्थाची चव एवढेच ध्यानात राहते. तेथे कोण बसले होते व कोणास बसता येत नव्हते, याचा पत्ताच लागत नाही. आमच्या मते हेच या प्रकाराचे मुख्य वैगुण्य आहे.

या लेखनाचे मूळ शोधू गेल्यास आपण अ‍ॅडिसन व स्टील यांच्यापाशी येतो. १७११ साली निघालेल्या त्यांच्या ‘स्पेक्टेटर’ने तत्त्वज्ञानास ग्रंथालयातून काढून कॉफीगृहात आणून बसविण्याची हौस बाळगली होती. एक पेनी ठेवावी आणि वर्तमानपत्रे वाचीत, वाद घालीत बसावे, अशी लंडनची ती रीत. हा इतिहास आम्ही कित्येक वर्षे वर्गात मोठ्या उत्साहाने सांगत आलो. एके दिवशी मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, तिथं बायकांना बसू देत होते का?” काही कॉफीगृहे स्त्रियाच चालवीत, गिऱ्हाईक म्हणून मात्र त्यांना तेथे सहसा स्थान नसे. हे उत्तर आम्हांस ठाऊक होते. ते सांगण्याची गरज तोवर भासली नव्हती, इतकेच.

त्या दिवसापासून आम्ही आपल्या खानदेशातील दुकानांकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. धुळ्यास आग्रा रोडवरून पाचकंदिलाकडे जाताना एखादा दुकानदार अहिराणीत “या भाऊ, बठा” म्हणतो, तेव्हा त्या ‘बठा’त सौद्याहून अधिक काही असते. जळगावास हिवाळ्यात भरताच्या दुकानी, भाजलेली वांगी बडगीत ठेचली जात असता, हमाल व वकील शेजारी शेजारी उभे दिसतात. हे दृश्य मोहक खरेच. पण हा ‘बठा’ बहुधा भाऊंसाठी असतो. साडीच्या दुकानी ताईंनाही गादीवर बसवितात, परंतु ते खरेदीपुरते. हातात चहाचा पेला घेऊन, काही न घेता घटकाभर जगाची चर्चा करण्याची मुभा त्यांना आमच्या टपरीने क्वचितच दिली आहे.

उलट, पिवळ्या दिव्यांच्या ज्या नव्या कॅफेंना आम्ही नाक मुरडीत होतो, तेथे महाविद्यालयातील मुली एका कॉफीवर तास-दोन तास निर्धास्त बोलत बसलेल्या आढळतात. मात्र त्या एका पेल्याच्या किमतीत टपरीवरील हमालाचे कित्येक चहा होतील. म्हणजे टपरी रूढीने दार लावते, कॅफे किमतीने. ही दोन्ही दारे ज्यास दिसत नाहीत, त्याच्या वर्णनास टीपकागदापलीकडे मोल नाही.

तर मग या विषयावर लिहावे कसे? उत्तरासाठी लंडनास जाण्याचे कारण नाही. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) या निरक्षर शेतकरी स्त्रीने जळगावातील एका छापखान्यावर गाणे रचले आहे. तिची गाणी पुस्तकरूपाने १९५२ साली प्रसिद्ध झाली. जेथे जे छापले जाई, ते तिला वाचता येत नव्हते. तरी यंत्राची धडधड ऐकून तिने जो विचार काढला तो असा की, कोरा कागद छापला जाऊन शहाणा होतो, आणि माणूस मात्र होता तसाच राहतो. दुकानाची सजावट तिने सांगितली नाही. त्या दारातून माणसाकडे पाहिले.

आमच्या हिंडत्या निबंधकारांस एवढेच सांगणे आहे की, पुढच्या खेपेस कॉफी चाखण्यापूर्वी दाराकडे एकवार नजर टाकावी. बाहेर कोण उभे आहे, तेही लिहावे. वर्गात आम्हीही आता अ‍ॅडिसन शिकविताना त्या मुलीचा प्रश्न आधी फळ्यावर लिहितो.