‘नांदणे’ आणि ‘बेघर’ : एक शब्दचिकित्सा

विवाहित स्त्रीच्या निवासासाठी मराठीने ‘राहणे’ या साध्या क्रियापदावर समाधान मानलेले नाही, ती ‘नांदते’. संस्कृत ‘नन्द्’ धातूपासून आलेल्या या क्रियापदात आनंदाचा अर्थ मुळातच आहे. परंतु त्याचे प्रयोजक रूप तपासले असता निराळे चित्र दिसते. नवरा बायकोला ‘नांदवतो’ किंवा ‘नांदवीत नाही’. बायको नवऱ्याला नांदवते, असा प्रयोग रूढ नाही. घरात राहणे ही क्रिया तिची, पण ती घडू देणारा दुसरा, अशी ही रचना आहे. मार खाऊन आलेल्या मुलीला वडीलधारी मंडळी ‘परत नांदावयास’ धाडतात, तेव्हा तर छळाच्या घरी परतण्यालाच आनंदाचे नाव मिळते.

घरांची नावेही याच वृत्तीची साक्ष देतात. ‘माहेर’ हे मातृगृह, ‘सासर’ हे सासऱ्याचे घर. जिच्यामुळे या दोन घरांना ही नावे पडली, तिचे स्वतःचे घर या जोडीत नाही. म्हणून छळ असह्य झालेल्या स्त्रीपुढे प्रश्न केवळ मार चुकविण्याचा नसतो. मुलांना घेऊन निजावे कोठे, हा असतो. त्याला उत्तर नसल्यामुळेच पुष्कळ जणी मार सोसत राहतात.

‘बेघर’ या शब्दाची शासकीय व्याप्ती येथे अपुरी पडते. २०११ च्या जनगणनेने रस्त्याकडेला, पुलाखाली, रेल्वेफलाटावर, देवळांच्या आवारात उघड्यावर राहणाऱ्यांना बेघर मानले. त्यांची संख्या १७ लाख ७३ हजारांच्या घरात भरली. भावाच्या घरी ओशाळून राहणारी, किंवा जाण्यास जागा नाही म्हणून छळाच्या घरातच राहिलेली स्त्री या व्याख्येत बसत नाही. तिच्या डोक्यावर छप्पर असते, पण त्यावर तिचा अधिकार चालत नाही.

‘परित्यक्ता’ ही संज्ञाही निर्दोष नाही. १९८० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील स्त्री-चळवळीने याच नावाखाली अशा स्त्रियांचे प्रश्न वेशीवर टांगले, हे तिचे श्रेय निर्विवाद होय. तथापि हे कर्मणि कृदन्त आहे; ‘जिला टाकले ती’ एवढेच ते सांगते. छळ नाकारून जी आपण होऊन बाहेर पडली, तिचा निर्णय या शब्दात लोपतो.

या पार्श्वभूमीवर कौटुंबिक हिंसाचारविरोधी अधिनियमाचे महत्त्व ध्यानात येते. २००५ साली संमत होऊन २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आलेल्या या कायद्याचे १७ वे कलम, मालकी असो वा नसो, स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क देते. मात्र सासूच्या मालकीच्या घरावर सुनेचा असा हक्क चालत नाही, असा संकुचित अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या डिसेंबरातच लावला. तो २०२० साली त्याच न्यायालयाने चुकीचा ठरविला. मधली चौदा वर्षे ‘हे घर तुझ्या नवऱ्याचे नव्हेच’ हे उत्तर सुनेला बाहेर ठेवण्यास पुरेसे होते.

हा हक्क मालकीचा नव्हे, निवासाचा आहे. कायदेशीर मार्गाने तिला बाहेर काढता येतेच. तरीही कायद्याने ‘नांदणे’ टाळून ‘राहणे’ स्वीकारले, ही गोष्ट लहान नव्हे. नांदण्याला दुसऱ्याची मर्जी लागते. राहण्याला ती लागू नये, एवढेच या कलमाचे म्हणणे आहे. आणि लोकव्यवहाराच्या भाषेने ते अद्याप मान्य केलेले नाही.